आकाशराणीच्या पोळ्या आणि यिर्मयाला मिळालेलं उत्तर

पाणवठा
सोमवार, रात्री १०.१२

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातला ४४वा अध्याय मी पहिल्यांदा वाचला तो गेल्या श्रावणात. वाचून झाला आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात काही बायका यिर्मया संदेष्ट्याला, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याला, तोंडावर सांगतात की तुझं आम्ही ऐकणार नाही. त्यांचं बोलणं मला आजीच्या ओट्यावर बसून ऐकल्यासारखं वाटलं.

आधी प्रसंग सांगते. इ.स.पू. ५८७-८६. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजानं यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम पाडलंय, देऊळ जाळलंय. राजा सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि बेड्या घालून त्याला नेलं. मागे उरलेल्यांवर गदल्याला अधिकारी नेमलं, तर आपल्यातल्याच लोकांनी त्याचा खून केला. आता बाबेलवाले सूड घेणार, या भीतीनं उरलेसुरले लोक मिसरात (इजिप्तमध्ये) पळाले. यिर्मया सांगत होता, जाऊ नका. त्यांनी ऐकलं नाही, वर त्यालाही सोबत ओढून नेलं. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलेला, आणि ती खरी ठरल्यावरही कोणी ऐकत नाही.

मिसरात तो पुन्हा उभा राहतो आणि म्हणतो, हे सगळं का झालं ते कळलं ना? तुम्ही दुसऱ्या देवांना धूप जाळलात म्हणून.

त्यावर लोक जे म्हणतात ते माझ्या शब्दांत असं: आम्ही, आमचे बापजादे, आमचे राजे, सगळे जण यहूदाच्या गावांत आणि यरुशलेमच्या रस्त्यांवर आकाशराणी या देवीला धूप जाळत होतो, पेयार्पणं करत होतो. तेव्हा पोटभर भाकरी होती, बरं चाललं होतं, कसलं संकट म्हणून माहीत नव्हतं. ते बंद केलं आणि तेव्हापासून हालच हाल. तलवारीनं मेलो, उपासमारीनं मेलो. आणि बायका पुढे म्हणतात, तिच्या पोळ्या आम्ही काय नवऱ्यांना न सांगता करत होतो?

माझं माहेर वारकरी, पण घरात खंडोबाही आहे. एका वर्षी काही कारणानं जागरण राहिलं आणि त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. आजी जाईपर्यंत दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची. 'कुलाचार मोडला की असंच व्हायचं' हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलं नाही? मिसरातल्या त्या बायका नेमकं हेच म्हणतायत.

आणि सनावळी बघितली तर त्यांची बाजू पोकळ नाही. राजा योशीयानं इ.स.पू. ६२२ च्या सुमारास देवळं साफ करायची मोठी मोहीम काढली. अशेरा देवीचा खांब देवळातून काढून किद्रोनच्या ओढ्यात जाळला, गावोगावची उच्चस्थानं, म्हणजे उंचावरची पूजास्थानं, बाटवून टाकली, सूर्याचे रथ जाळले. मग काय झालं? इ.स.पू. ६०९ मध्ये हाच भला राजा मगिद्दोला फारोच्या हातून मेला. ६०५ ला कर्कमीशच्या लढाईनंतर बाबेलचा पाश आवळत गेला. ५९७ ला पहिली शरणागती, मग शेवट. देवधर्म शुद्ध केला आणि पस्तीस वर्षांत राज्य बुडालं. त्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलेला हिशोब आहे हा.

बायबलमधल्या 'राजे' या पुस्तकाचा लेखकही याच प्रश्नाशी झटतो. त्याचं उत्तर असं की योशीया चांगलाच होता, पण त्याच्या आजोबानं, मनश्शेनं, ५५ वर्षं जे केलं ते फिटणारं नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: त्या बायकांचं उत्तर यिर्मयाच्या पुस्तकात राहू दिलं, याची किंमत आपण ओळखत नाही. ज्यांनी हे ग्रंथ जपले ते यिर्मयाच्या बाजूचे होते. विरोधकांचा मुद्दा गाळून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तो पूर्ण, धारदार, बायकांच्या तोंडचा ठेवला. आणि दुसरं, संदेष्ट्यांचा दैवी न्याय आधी आणि सगळ्यात कठोरपणे स्वतःच्या घरावर येतो. हरलेल्यांनी हरल्यावर स्वतःकडे बोट दाखवून लिहिलेलं हे साहित्य आहे. पुढच्या काळात लोकांनी ते दुसऱ्याला झोडायची काठी म्हणून वापरलं, तिथे मला त्याचा घात झाल्यासारखं वाटतं.

तुम्ही हे कसं वाचता?


गारवेल
सोमवार, रात्री ११.३५

पाणवठाताई, चांगला धागा. पण मनात असलेलं स्पष्ट बोलतो.

मी मूर्तिपूजक आहे. रोज सकाळी अंघोळ करून देव पुसतो, गंध लावतो. अशा माणसानं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४४वा अध्याय वाचला की तो आतून दुखावतो. सुतार झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस भाजतो, 'वा, ऊब आली' म्हणतो आणि उरलेल्या ओंडक्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. हे वर्णन मला अन्यायाचं वाटतं. माझी आई लाकडाच्या पाया पडत नव्हती. तिला काय दिसत होतं ते त्या कवीला समजून घ्यायचंच नव्हतं.

तुम्ही म्हणता न्याय घरच्यांवर होता. मग बाबेलच्या बेल आणि नबो या देवांची ४६व्या अध्यायातली टर? जनावरांच्या पाठीवर लादलेलं ओझं म्हणून? ते तर परक्यांचे देव.


खापरतुकडा
मंगळवार, सकाळी ७.५०

मी उत्खननाच्या बाजूनं थोडी भर घालतो. या विषयात माझा जीव अडकलाय.

पाणवठा यांनी सांगितलेल्या बायकांनी काही नवीन थेर सुरू केलं नव्हतं. सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूद नावाची एक जागा आहे. १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांनी ती खोदली. इ.स.पू. ८०० च्या आसपासचे दोन मोठे रांजण मिळाले, त्यांवर शाईनं लिहिलेले आशीर्वाद आहेत: 'शोमरोनच्या यहवेकडून आणि त्याच्या अशेरेकडून तुम्हाला आशीर्वाद.' दुसऱ्या रांजणावर 'तेमानच्या यहवेकडून आणि त्याच्या अशेरेकडून'. 'अशेरा' म्हणजे तिथे देवी की तिचा खांब, यावर विद्वान अजून भांडतात. पण हे लिहिणारा माणूस स्वतःला यहवेचाच, म्हणजे इस्राएलच्या देवाचाच, भक्त समजत होता, यात वाद नाही.

यहूदातल्या घराघरांत मिळणाऱ्या मातीच्या बाया बघा. शेकडो मिळाल्या आहेत, एकट्या यरुशलेममध्ये ढिगानं. खाली खांबासारखं धड, वर दोन्ही हातांनी स्तन धरलेली बाई, चेहरा कधी साच्यातून काढलेला, कधी नुसता चिमटीनं नाक काढून केलेला. तो चिमटीचा चेहरा बघितला की आपल्याकडच्या मातीच्या बैलांची आठवण येते. इतकं घरगुती काम आहे ते.

म्हणजे संदेष्टे 'पूर्वीच्या शुद्ध धर्माकडे परत चला' म्हणतात, पण खापरं सांगतात की लोकांचा पूर्वीचा धर्म बराचसा हाच होता. संदेष्ट्यांची मागणी त्या काळात नवी होती, धाडसाची होती, आणि बहुसंख्य लोकांच्या जगण्याच्या विरोधात होती. मला त्यामुळे यिर्मया अजून एकटा दिसतो.


पाणवठा
मंगळवार, दुपारी २.०५

गारवेल, तुमचं दुखावणं खोटं नाही. त्यावर पांघरूण घालणार नाही. यशयाच्या त्या कवीनं बाबेलच्या पुजाऱ्यांचं म्हणणं मांडलेलं नाही हे खरंच आहे.

बाबेलमध्ये मूर्तीसाठी 'मीस पी' नावाचा विधी होता, म्हणजे मुख धुणं. त्याच्या पाट्या आपल्याकडे आहेत. मूर्ती घडवून झाली की ती नदीकाठी, मग बागेत नेत, रात्रभर मंत्र चालत, तोंड पुन्हा पुन्हा धुतलं जाई. घडवणाऱ्या कारागिरांचे हात बांधायचे, झाऊच्या लाकडी तलवारीनं ते तोडल्याचा अभिनय करायचा, आणि कारागिरानं शपथ घ्यायची की 'मी हिला घडवलं नाही, देवानं घडवलं'. आपली प्राणप्रतिष्ठा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. बाबेलचा भक्तही लाकडाला देव म्हणत नव्हता. सुताराच्या गोष्टीतला कवी त्या शपथेवरच घाव घालतोय असं मला वाटतं: नाही, तूच घडवलंस, माझ्यासमोर घडवलंस. आणि तो कोण आहे? बाबेलमध्ये कैद करून आणलेल्यांपैकी. ज्यांनी त्याचं देऊळ जाळलं त्यांचे देव मिरवणुकीत झुलताना तो रोज बघतोय. गुलामानं मालकाच्या देवाची केलेली थट्टा आहे ती. सत्ताधाऱ्यानं तेच शब्द उचलले की त्यांचा अर्थ बदलतो.

पण मुख्य मुद्दा. मूर्तिपूजा हा शब्द आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर मूर्ती येते. संदेष्ट्यांच्या डोळ्यांसमोर करार येतो. त्या काळात मोठा राजा मांडलिकाकडून शपथ घ्यायचा. अश्शूरच्या (असिरियाच्या) एसरहद्दोन राजाचा इ.स.पू. ६७२ चा करार मिळालाय, त्याची एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या तेल तायनात इथे एका देवळातच सापडली. त्यात 'दुसऱ्या राजाशी संधान बांधलंस तर' म्हणून शापांची लांबलचक यादी आहे: आकाश पितळेचं होईल, जमीन लोखंडाची होईल, तुम्ही उपासमारीनं आपलीच मुलं खाल. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातले शाप आणि हे शाप शेजारी ठेवून वाचा, अंगावर काटा येतो. फरक एवढाच की इथे मोठा राजा अश्शूरचा नाही. अश्शूरच्या ताकदीखाली चिरडलेल्या एका लहान देशानं ती भाषा उचलली आणि म्हटलं, आमची खरी शपथ दुसऱ्याच कोणाशी आहे.

म्हणून आमोस संदेष्टा वाचा. पहिल्या दोन अध्यायांत तो शेजारच्या देशांवर न्याय सांगतो. दमिष्कानं गिलादाला लोखंडी यंत्रांनी मळलं. अम्मोननं गरोदर बायकांची पोटं फाडली. मवाबानं अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. एकाही परक्या देशावर 'तुम्ही मूर्ती पूजता' असा आरोप नाही! क्रौर्याचा आरोप आहे. मग बोट इस्राएलकडे वळतं: तुम्ही गरिबाला चपलांच्या एका जोडासाठी विकता. आणि तिसऱ्या अध्यायात, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी फक्त तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हाला देईन. 'म्हणून' हा शब्द तिथे किती जड आहे! निवडलेलं असणं म्हणजे सवलत मिळणं, असं ऐकणाऱ्यांना वाटत होतं. हा तकोवा गावचा मेंढपाळ आमोस त्यांना त्याच कारणानं जास्त हिशोब मागतोय.


रानजाई
मंगळवार, रात्री ९.२०

ताई, सगळं पटलं, पण एक राहिलं. ते मी बोलणार.

सातव्या अध्यायात यिर्मयाच सांगतो की मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका पीठ मळतात. सगळं घर त्यात आहे. सणाच्या दिवशी आपल्याकडे जसं असतं तसं. मग ४४व्यात बायकाच का पुढे येतात?

होशेय संदेष्ट्याचं पुस्तक तर सुरूच होतं बायकोपासून. इस्राएल म्हणजे व्यभिचारी बायको, देव म्हणजे फसवला गेलेला नवरा. यहेज्केल संदेष्ट्याच्या १६व्या आणि २३व्या अध्यायात ती उपमा इतकी पुढे जाते की मला वाचवत नाही. नागवं करणं, दगड मारणं, तलवारीनं तुकडे करणं, आणि हे करणारा 'नवरा' न्यायी. त्या सभेत ऐकायला बसलेल्या बाईनं घरी जाऊन काय केलं असेल? ती उपमा ऐकून आलेल्या नवऱ्यानं काय केलं असेल?

यहेज्केलची स्वतःची बायको, जिला तो डोळ्यांचं सुख म्हणतो, संध्याकाळी मरते. त्याला आज्ञा होते, रडायचं नाही, पागोटं बांध, पायात जोडे घाल, कारण लोकांचं देऊळ जाईल तेव्हा तेही असेच सुन्न होतील. तिचं मरणही खूण म्हणून वापरलं गेलं. तिचं नावसुद्धा नाही.

न्यायाची भाषा न्याय्य असावी अशी अपेक्षा मी सोडणार नाही.


पाणवठा
मंगळवार, रात्री १०.४५

रानजाई, यावर माझ्याकडे खोडून काढायला काही नाही. तुझं म्हणणं तसंच राहू दे.

होशेयातली एक ओळ मात्र तुला दाखवते, आपल्या मराठीत ती फार सरळ येते. 'बआल' हे देवाचं नाव आहे आणि साधा शब्दही आहे: मालक, धनी. हिब्रूत बाई नवऱ्याला तेच म्हणायची. आपल्याकडे गावात बाई अजूनही 'आमचे धनी', 'आमचे मालक' म्हणते ना, अगदी तसं. दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, त्या दिवशी तू मला 'माझा धनी' म्हणणार नाहीस, 'माझा माणूस' म्हणशील. सगळ्या हिंसेच्या मधोमध ही ओळ आहे. ती आधीचं पुसत नाही. पण कवीला मालकीच्या नात्यात काहीतरी खुपत होतं, एवढं मला त्यातून वाटतं.


उत्तनकिनारा
बुधवार, सकाळी ६.३०

आम्ही उत्तनकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी या संदेष्ट्यांची भीती वाटायची, आता म्हातारपणी ओढ वाटते.

यहेज्केल ८ ते ११ सलग वाचा, मधे उठू नका. इ.स.पू. ५९२ चा काळ. तो आधीच कैदेत, बाबेलमधल्या खबार कालव्याजवळ, घरात यहूदाची वडीलधारी मंडळी समोर बसलेली. तेवढ्यात एक हात त्याला केसांच्या झुलपानं धरून उचलतो आणि दृष्टान्तात यरुशलेमच्या देवळात नेतो. एकेक दार, एकेक पडदा. भिंतीत भगदाड, ते मोठं कर, आत शिर. आत अंधारात ७० वडील हातात धूपपात्रं घेऊन भिंतीवरच्या चित्रांसमोर उभे. म्हणतायत काय? 'परमेश्वर आपल्याला पाहत नाही, त्यानं देश सोडलाय.' मग उत्तरेच्या दारापाशी तम्मूज या परक्या देवासाठी रडणाऱ्या बायका. मग सुमारे २५ पुरुष, देवळाकडे पाठ, तोंड पूर्वेला, सूर्याला दंडवत.

मग सहा जण हत्यारं घेऊन येतात आणि त्यांच्यात एक तागाचे कपडे घातलेला, कमरेला लेखणीची दौत. त्याला सांगितलं जातं, शहरातून फीर, आणि इथल्या घाणीमुळे जे उसासे टाकतात, कण्हतात, त्यांच्या कपाळावर खूण कर. हिब्रूत ती खूण म्हणजे 'ताव' हे अक्षर, शेवटचं. जुन्या लिपीत ते फुलीसारखं काढायचे. हत्यारवाल्यांना हुकूम: माझ्या पवित्रस्थानापासून सुरुवात करा.

राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राखेची फुली काढतात तेव्हा मला दरवर्षी हा अध्याय आठवतो. खूण शहाण्यांना नव्हती, शुद्ध राहिलेल्यांनाही नव्हती. कण्हणाऱ्यांना होती. मी पन्नास वर्षं ती राख लावून घेतोय आणि दर वेळी विचारतो, मी कण्हलो का?

पाणवठाबाई म्हणतात न्याय घरापासून सुरू होतो. इथे ते शब्दशः आहे.


खापरतुकडा
बुधवार, सकाळी ११.१५

काका, तुम्ही त्या सत्तर जणांचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. त्यांच्यात एकाचंच नाव दिलंय, शाफानाचा मुलगा याजन्या. तो शाफान जर योशीयाचा चिटणीसच असेल, तर तो घाव फार खोल आहे. देवळाच्या डागडुजीत सापडलेला ग्रंथ राजाला वाचून दाखवणारा तोच शाफान. त्याचा मुलगा अहीकाम, त्यानं यिर्मयाला मरणातून वाचवलं. दुसरा गमऱ्या, त्याच्या खोलीतून यिर्मयाचा लेखनिक बारूख यानं यिर्मयाचे शब्द लिहिलेली गुंडाळी लोकांना वाचून दाखवली. नातू गदल्या, ज्याचा खून झाला तो. अशा घरातलं पोर अंधारात धूप जाळतंय.

आणि गमऱ्याचं पुढे ऐका. यहोयाकीम राजा हिवाळ्यात शेगडीसमोर बसलाय, गुंडाळीची तीन-चार पानं वाचून झाली की चाकूनं कापून विस्तवात टाकतोय. जाळू नका म्हणून विनवणाऱ्या तिघांत गमऱ्या आहे.

१९८२ मध्ये यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळक्या घरात मातीच्या ५१ मुद्रा मिळाल्या. नखाएवढे मातीचे गोळे, कागदपत्रांच्या दोरीवर दाबलेले. एकावर अक्षरं आहेत, 'गमऱ्याहू, शाफानाचा मुलगा याची'. बाबेलच्या आगीत पपायरस सगळा गेला. कच्ची माती मात्र त्याच आगीत भाजून पक्की झाली, म्हणून नाव टिकलं. काही मुद्रांच्या पाठीवर दोरीचे वळ अजून दिसतात.


अष्टागर
बुधवार, रात्री ८.५५

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. आमचं मूळ गाव अलिबागच्या बाजूला, आता निम्मं घर इस्राएलमध्ये. एरवी अशा धाग्यांवर लिहीत नाही, पण इथे जपून बोलणं चाललंय म्हणून लिहितो.

तुम्ही ज्याची चर्चा करताय त्या जळलेल्या देवळाचा दिवस आम्ही अजून पाळतो. यहुदी पंचांगातल्या अब महिन्याची नवमी. मराठीत आमच्याकडे त्याला बिरड्याचा सण म्हणतात. माझी आई दोन दिवस आधी वाल भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायची, मग कोमट पाण्यात टाकून आम्ही सगळी भावंडं सोलायला बसायचो. साल बोटानं दाबली की दाणा टुणकन उडतो, त्यावरून हसू यायचं आणि ती दटावायची, आज हसायचं नाही. का नाही ते तिनं कधी इतिहासात सांगितलं नाही. 'आपलं घर जळलं होतं' एवढंच म्हणायची. आपलं घर. पुढे सिनेगॉगमध्ये जमिनीवर बसून, दिवे कमी करून यरुशलेमच्या नाशावरचं विलापगीत ऐकलं तेव्हा मला आधी वालाचा वास आठवला.

गारवेल यांना एक सांगू का? आमचे पूर्वज कोकणात शेकडो वर्षं घाणे चालवत राहिले. शनिवारी काम बंद म्हणून लोक शनवारतेली म्हणायचे. घरात मूर्ती नाही, 'शमा इस्राएल' ही प्रार्थना तेवढी पाठ. आणि चारी बाजूंना देवळं, पालख्या, गणपती. मूर्ती पूजू नको ही आज्ञा आम्ही कसोशीनं पाळली, ती स्वतःसाठी. शेजाऱ्याच्या पालखीला आम्ही कधी नावं ठेवली नाहीत आणि त्यांनीही आम्हाला कधी छळलं नाही. आई म्हणायची, आपल्याला सांगितलंय ते आपण करायचं. पाणवठाताई ज्याला 'न्याय घरच्यांवर' म्हणतायत, ते आमच्याकडे असं जगलं गेलं.


गारवेल
गुरुवार, रात्री १२.१०

अष्टागर, मनापासून आभार. परवा लिहिलं तेव्हा मनात जे टोचत होतं ते तुमचं वाचून हललं.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त जुना. मनश्शेनं पाप केलं आणि पणतूच्या काळातली मुलं उपाशी मेली. विलापगीतात पोरं आईकडे भाकरी मागत रस्त्यात बेशुद्ध पडतात. त्यांनी कोणती मूर्ती पूजली होती?


पाणवठा
गुरुवार, सकाळी १०.३०

हा प्रश्न त्यांनीही विचारला होता, गारवेल. कैदेतल्या लोकांत म्हणच पडली होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले पोरांचे. यहेज्केल १८ त्यावरच आहे. तो म्हणतो, ही म्हण बंद करा. जो पाप करील तोच मरेल. बापाचा भार मुलावर नाही, मुलाचा बापावर नाही. आणि मग, दुष्टाच्या मरणात मला आनंद आहे का? वळा आणि जगा.

म्हणजे राजांचा लेखक मनश्शेकडे बोट दाखवतोय, त्याच कैदेत यहेज्केल ते बोट खाली घ्यायला सांगतोय. दोन्ही एकाच ग्रंथसंग्रहात. पण रस्त्यातल्या त्या पोरांना यहेज्केलचं उत्तरही पुरत नाही, हे मला कबूल आहे. विलापगीताचा कवी उत्तर देत नाही. तो देवाला म्हणतो, बघ. हे कोणाशी केलंस ते बघ.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या आईवडिलांचा अंत १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, उपासमारीनं झाला होता. विलापगीतातली ती भाकरी मागणारी पोरं मराठीत उतरवताना त्यांचा हात कसा चालला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.


दूरदेशी
गुरुवार, सायंकाळी ६.४०

लंडनला असतो. इथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये बाबेलच्या इतिवृत्ताची पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिला ओलांडून पुढे गेलो होतो, इतकी ती साधी दिसते. त्यावर नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षाची नोंद आहे: किसलेव महिन्यात सैन्य जमवलं, यहूदाच्या नगराला वेढा दिला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी नगर घेतलं, राजाला पकडलं, मनासारखा राजा बसवला, मोठी खंडणी घेऊन बाबेलला आला. आपल्या हिशोबानं १६ मार्च ५९७, इसवी सनापूर्वी.

यिर्मया म्हणतो आकाशराणीमुळे झालं. बायका म्हणतात आकाशराणीला सोडल्यामुळे झालं. या पाटीला 'का' नाहीच. तीन ओळींत नगर संपतं. ज्यांचं जळलं त्यांनीच कारण शोधलं.


रानजाई
गुरुवार, रात्री ९.०५

मला एक विचारायचंय. मिसरातल्या त्या बायकांचं पुढे काय झालं? यिर्मया त्यांना म्हणतो, करा तुमचे नवस पुरे. मग पुस्तक दुसरीकडे वळतं.


खापरतुकडा
गुरुवार, रात्री ११.२०

त्यांचं स्वतःचं काही मिळालेलं नाही, रानजाई. पण दक्षिण मिसरात नाईलमधल्या येब बेटावर यहूदी शिपायांची वसाहत होती, त्यांचं याहूचं, म्हणजे यहवेचंच, देऊळही होतं. इ.स.पू. ४१० मध्ये ते पाडलं गेलं आणि पुन्हा बांधू द्या म्हणून त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला केलेला अर्ज मिळालाय. त्यांच्या वर्गणीची एक यादीही आहे, त्यात याहूच्या पैशांसोबत अनात-बेथेल देवीचे पैसे वेगळे मांडलेत.

आणि समोरच्या काठावर, स्येनेला, आकाशराणीचं देऊळ होतं. हे कळतं ते अरामी भाषेतल्या घरगुती पत्रांतून. १९४५ मध्ये हर्मोपोलिसजवळ, पवित्र पक्ष्यांच्या ममी ठेवायच्या भुयारात एक मडकं मिळालं, त्यात आठ पत्रं. लिहिणारे अरामी घरातले, त्यांना तू विचारतेस त्या बायकांचे वंशज म्हणता येणार नाही. एका पत्राच्या सुरुवातीलाच आकाशराणीच्या देवळाला नमस्कार आहे. पुढे कुशल विचारलंय, अंगरख्याची, लोकरीची, एरंडेल तेलाची बोलणी आहेत.

पत्रं घड्या घालून, दोरी बांधून, मुद्रा मारलेली अशीच्या अशी निघाली. ती पोचलीच नव्हती.